निकाल न लागलेली अपिलं कशी मोजायची? अमेरिकेतल्या बेकारी भत्त्याच्या बॅकलॉगचा माग ठेवण्याची पद्धत

दर महिन्याची २० तारीख उलटली की मी अमेरिकी श्रम खात्याच्या संकेतस्थळावरून तीन फायली उतरवून घेते. ही सवय लागली ओळखीतल्या एका बाईंमुळे. त्यांची नोकरी गेली, बेकारी भत्त्याचा अर्ज नाकारला गेला. त्यांनी मुदतीत अपील केलं आणि पुढचे सात महिने सुनावणीची तारीखच आली नाही. घरभाडं क्रेडिट कार्डावर चाललं होतं. त्याच काळात मी त्यांच्या राज्याचा अहवाल उघडून पाहिला, तर '४५ दिवसांत निकाल' या रकान्यातला आकडा चांगला होता. खोटं कोणीच लिहिलेलं नव्हतं. तो आकडा लागलेल्या निकालांवरून काढतात आणि बाईंचा निकाल लागलेलाच नव्हता, म्हणून त्या त्या हिशेबात कुठेच नव्हत्या.

तुंबलेली अपिलं मोजायची असतील तर निकाली निघालेल्यांचा वेग पाहून भागत नाही, पडून राहिलेल्यांचं वय पाहावं लागतं. ते कसं पाहायचं, कुठून आकडे घ्यायचे आणि चार लोकांना समजेल असा अहवाल कसा लिहायचा, हे पुढे सांगते आहे. अमेरिकेतली मराठी पत्रकार मंडळी, महाराष्ट्र मंडळांतले मदत करणारे स्वयंसेवक, डेटाचं काम शिकणारी मुलं, यांतल्या कोणालाही हे साध्या स्प्रेडशीटवर जमेल.

आधी अपिलाची वाट समजून घ्या

अमेरिकेत बेकारी विम्याची एकच राष्ट्रीय कचेरी नाही. ५० राज्यं, वॉशिंग्टन डीसी, पोर्तो रिको आणि व्हर्जिन आयलंड्स अशा ५३ ठिकाणी ५३ यंत्रणा आहेत. प्रत्येकीचा कायदा वेगळा, पण चौकट आणि कारभाराचा खर्च केंद्राचा. दावा दाखल झाला की राज्याचा कर्मचारी पात्रतेवर निर्णय देतो. तो मान्य नसेल तर दावेदार अपील करू शकतो आणि कामावर ठेवणारी कंपनीही करू शकते. मुदत राज्यागणिक बदलते. टेक्ससमध्ये निर्णयपत्र टपालात पडल्यापासून १४ दिवस, कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्कमध्ये ३० दिवस.

पहिलं अपील एका सुनावणी अधिकाऱ्यापुढे जातं. कुठे त्याला प्रशासकीय न्यायाधीश म्हणतात, कुठे रेफरी, कुठे अपील ट्रायब्युनल. सरकारी कागदांत या पायरीला 'लोअर ऑथॉरिटी' असं नाव आहे. आजकाल बहुतेक सुनावण्या फोनवर होतात. तिथे हरलेला पक्ष वरच्या मंडळाकडे जातो, ती 'हायर ऑथॉरिटी'. न्यू जर्सीत बोर्ड ऑफ रिव्ह्यू, टेक्ससमध्ये तीन सदस्यांचं कमिशन, कॅलिफोर्नियात अपील्स बोर्ड. त्यानंतर कोर्ट. दोन पायऱ्यांचे आकडे कधीही एकत्र करू नका, कारण दोन्हीकडचं काम वेगळं असतं. खाली प्रत्यक्ष साक्ष ऐकतात, वर बहुतेक वेळा नोंदवलेली साक्ष पुन्हा तपासतात.

कायद्याने किती दिवस दिले आहेत?

१९३५ च्या सोशल सिक्युरिटी ॲक्टच्या कलम ३०३ मध्ये दोन गोष्टी आहेत. भत्ता 'देय होताच' मिळेल अशी व्यवस्था हवी आणि नाकारला गेलेल्याला निःपक्ष अधिकाऱ्यापुढे न्याय्य सुनावणी मिळायला हवी. 'देय होताच' म्हणजे कधी, हा प्रश्न कॅलिफोर्नियातून सुप्रीम कोर्टात गेला. १९७१ च्या जावा खटल्यात कोर्टाने सांगितलं की दावेदाराच्या बाजूने निर्णय झाल्यावर निव्वळ कंपनीने अपील केलं म्हणून पैसे थांबवता येणार नाहीत. पगार थांबल्याबरोबर हातात काहीतरी पडावं, हाच या विम्याचा हेतू आहे, अशी त्यामागची भूमिका. १९७५ च्या फुसारी विरुद्ध स्टाइनबर्ग या कनेटिकटच्या खटल्यात अपिलांना लागणारा वेळ हाच वादाच्या केंद्राशी होता.

केंद्रीय नियमांनी हिशेबही ठरवून दिला आहे. पहिल्या पायरीवरचे किमान ६० टक्के निकाल ३० दिवसांत आणि किमान ८० टक्के निकाल ४५ दिवसांत लागायला हवेत. या जोडीला श्रम खातं आता आणखी एक कसोटी लावतं. पहिल्या पायरीवर पडून असलेल्या अपिलांचं सरासरी वय ३० दिवसांपेक्षा जास्त नको, वरच्या पायरीवर ४० दिवसांपेक्षा जास्त नको. ज्या राज्याला हे जमत नाही त्याला सुधारणेचा आराखडा लिहून द्यावा लागतो.

इथे एक गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. आपल्याकडच्या माहिती अधिकार कायद्यातही पहिल्या अपिलाला ३० दिवस आणि फार तर ४५ दिवस, अशीच मुदत आहे. दुसऱ्या अपिलाला मात्र कायद्याने मुदतच घातलेली नाही, आणि माहिती आयोगांकडे ढीग साचतो तो नेमका तिथेच. खाली दिलेली मोजणी मुंबई, पुणे, नागपूरच्या खंडपीठांकडच्या द्वितीय अपिलांनाही जशीच्या तशी लागू पडते.

पायरी १: तीन फॉर्म ओळखा

प्रत्येक राज्य दर महिन्याला केंद्राला ठरावीक फॉर्म भरून देतं. आपल्याला तीन पुरतात.

५१३० हा आवक-जावकीचा फॉर्म. महिन्यात किती अपिलं दाखल झाली, किती निकाली निघाली, निकाल दावेदाराच्या बाजूने की कंपनीच्या, वाद कशावरून होता (स्वतः नोकरी सोडली, गैरवर्तन, कामासाठी उपलब्ध नव्हता वगैरे), हे सगळं यात असतं.

९०५४ मध्ये त्या महिन्यात लागलेल्या निकालांना किती दिवस लागले ते असतं. अपील दाखल झाल्याच्या तारखेपासून निकाल पाठवल्याच्या तारखेपर्यंत दिवस मोजतात. ३० दिवस आणि ४५ दिवसांची टक्केवारी इथून येते.

९०५५ मध्ये महिनाअखेरीस पडून असलेल्या अपिलांची संख्या आणि वय असतं. किती दिवसांच्या गटात किती, शिवाय सरासरी वय. आमच्या बाई जर कुठे सापडणार असतील तर इथे. मी दर महिन्याला सर्वांत आधी हाच उघडते.

फॉर्म भरायचे नियम 'हँडबुक ४०१' या जाडजूड पुस्तिकेत आहेत. सगळी वाचायची गरज नाही, पण या तीन फॉर्मची प्रकरणं एकदा नीट वाचा. कोणतं अपील मोजायचं आणि तारीख कुठली धरायची, याची उत्तरं तिथेच मिळतात.

पायरी २: फाइल उतरवा आणि कागदावर पडताळा

श्रम खात्याच्या बेकारी विमा विभागाच्या पानावर 'डेटा डाउनलोड्स' नावाची जागा आहे. तिथे फॉर्मनिहाय सीएसव्ही (स्प्रेडशीटमध्ये उघडणाऱ्या साध्या फायली) मिळतात, सगळ्या राज्यांच्या, अनेक वर्षांच्या. फाइल उघडल्यावर पहिल्यांदा गोंधळ उडतो, कारण रकान्यांना नावं नसतात, 'सी'पुढे नुसते क्रमांक असतात. प्रत्येक फॉर्मचा नकाशा शेजारीच दिलेला असतो. फॉर्मचं चित्र आणि प्रत्येक चौकटीत तिचा क्रमांक. त्याची छापील प्रत समोर ठेवून काम करा. नुसत्या अंदाजाने रकाना उचललात तर वरच्या पायरीचा आकडा खालच्या पायरीच्या नावावर छापला जाईल आणि तुमच्या लक्षातही येणार नाही.

मी एका राज्याचा एक महिना घेते, नकाशावर पेन्सिलीने आकडे लिहून काढते आणि गटांची बेरीज एकूण आकड्याशी जुळते का ते पाहते. जुळली की मगच सूत्रं पुढे ओढते.

'सिंगल क्लेमंट' आणि 'मल्टी क्लेमंट' यांचे रकाने वेगळे आहेत, तेही पाहून घ्या. एका संपातून शेकडो कामगारांचं मिळून एक प्रकरण होऊ शकतं. त्याची बेरीज साध्या अपिलांत केली तर सगळं चित्र बिघडतं. आणि २०२० मध्ये आलेल्या महासाथीच्या खास भत्त्याची, म्हणजे पीयूएची नोंद वेगळ्या फॉर्मवर होत होती. त्या काळातले आकडे वापरताना राज्य जो एकूण बॅकलॉग सांगतं त्यात पीयूए धरलाय की नाही, ते विचारून घ्या.

पायरी ३: आवक-जावकीचा ताळा

आता खरी मोजणी. पहिलं सूत्र किराणा दुकानाच्या साठ्याचं आहे. मागच्या महिन्याची शिल्लक, अधिक नवी आवक, वजा निकाली निघालेली, बरोबर या महिन्याची शिल्लक.

समजा, शिल्लक ४,२०० आहे, महिन्याला १,५०० अपिलं येतात आणि १,२०० निकाली निघतात. ढीग दर महिन्याला ३०० ने वाढतो. शिल्लक भागिले निकाली, म्हणजे ४,२०० भागिले १,२००, उत्तर साडेतीन. आज अपील करणाऱ्याचा नंबर या वेगाने साधारण साडेतीन महिन्यांनी लागेल. लोकांना सांगायला याहून सोपा आकडा नाही.

आता कार्यालयाने माणसं वाढवली आणि महिन्याला १,८०० निकाल लागू लागले असं धरा. ढीग ३०० ने कमी होऊ लागतो. शिल्लक शून्यावर आणायची नसतेच, कारण काल आलेलं अपील आज पडून असणारच. महिन्याभराची आवक, म्हणजे १,५००, ही निरोगी शिल्लक मानली तर उतरायचा डोंगर २,७०० चा. २,७०० भागिले ३००, नऊ महिने. कार्यालय 'दोन महिन्यांत बॅकलॉग संपवू' म्हणत असेल तर हा भागाकार त्यांच्यापुढे ठेवा आणि दोन महिन्यांत संपवायला महिन्याला किती निकाल लावणार, ते विचारा.

काढलेली शिल्लक आणि ९०५५ वर दिलेली शिल्लक कधीच तंतोतंत जुळत नाही. थोडा फरक चालतो. पण तो दर महिन्याला एकाच बाजूला पडत असेल तर कारण शोधायलाच हवं. गैरहजेरीमुळे फेटाळलेली आणि मग पुन्हा उघडलेली प्रकरणं, वरच्या मंडळाने परत खाली पाठवलेली प्रकरणं, उशिरा नोंदवलेली अपिलं, ही नेहमीची कारणं.

पायरी ४: टक्केवारीचा सापळा

ही पायरी सावकाश वाचा.

समजा, एका कार्यालयाने या महिन्यात १,००० निकाल दिले. त्यातले ८५० निकाल ४५ दिवसांच्या आत. ८५ टक्के, म्हणजे ८० ची कसोटी पार. पण कपाटात ३,००० जुनी अपिलं तशीच आहेत. कार्यालय रोज ताजी प्रकरणं वरून उचलतं, ती पटकन निकाली काढतं आणि जुनी अजून जुनी होत जातात. टक्केवारी सुंदर राहते.

पुढच्या महिन्यात नवीन प्रमुख येतात आणि म्हणतात, जुनी काढा. तेवढीच ८५० ताजी प्रकरणं वेळेत निघतात, शिवाय जुन्यांतली ५५० निघतात. एकूण १,४०० निकाल, वेळेतले ८५०. टक्केवारी ६१ च्या खाली घसरते आणि कार्यालय नापास होतं! लोकांचं काम जास्त झालं, पाचशेहून अधिक घरांना उत्तर मिळालं, तरी गुणपत्रिका खराब.

म्हणून '४५ दिवसांच्या निकालांत मोठी घसरण' असा मथळा देण्याआधी ९०५५ पाहा. टक्केवारी घसरली आणि सोबत पडून असलेल्यांचं सरासरी वयही उतरत असेल, तर ते कार्यालय जुना ढीग उपसतंय. अशा वेळी त्यांच्यावर टीका करणं म्हणजे जुनी प्रकरणं पुन्हा कपाटात ढकला, असं सांगण्यासारखं आहे. याउलट टक्केवारी चढते आहे आणि वयही चढतंय, तर तिथे थांबून खोदा.

पायरी ५: वय मोजताना सरासरीवर विसंबू नका

दहावीच्या गणितातला मध्य आणि मध्यक आठवतो ना? इथे दोन्ही लागतात. दहा अपिलं पडून आहेत, त्यांची वयं दिवसांत अशी: ८, १०, १२, १५, १८, २०, २२, २५, १९०, २८०. बेरीज ६००, सरासरी ६० दिवस. मध्यक मात्र १९. मध्यक पाहून वाटेल सगळं ठीक आहे, सरासरी पाहून वाटेल सगळेच दोन महिने थांबलेत. खरं पाहता आठजण ठीक आहेत आणि दोघं विसरले गेलेत. म्हणून गटवार संख्या नेहमी छापा. माझ्या अहवालात एक ओळ कधीच चुकत नाही: '१८० दिवसांहून जुनी अपिलं किती, आणि मागच्या महिन्यात किती होती.'

सरासरीचा दुसरा दगा जास्त फसवा आहे. १,००० अपिलं सरासरी ९० दिवसांची पडून आहेत. अचानक टाळेबंदी होते, २,००० नवी अपिलं येतात, सरासरी १० दिवसांची. एकाही जुन्या प्रकरणाचा निकाल लागला नाही, तरी सरासरी ३७ च्याही खाली येते. महिन्याभराने ती सगळी म्हातारी होऊ लागली की आकडा उसळी मारतो. त्यामुळे सरासरी वय कमी झालं असं लिहिताना त्याच महिन्याची आवक शेजारी लिहा.

एक वेळापत्रकही ध्यानात ठेवा. मोठ्या मंदीत अपिलांची लाट दाव्यांच्या लाटेबरोबर येत नाही. एप्रिल २०२० मध्ये एका आठवड्यात ६० लाखांहून अधिक नवे दावे आले. आधी त्यांच्या पात्रतेचे निर्णय रखडले. ते निर्णय जसजसे सुटू लागले तसतशी नकारपत्रं घरोघरी पोचली, आणि मग अपिलं. जादा दिलेली रक्कम परत करा, अशी पत्रं गेली की आणखी एक लाट. म्हणून दाव्यांचा आणि नकारांचा आलेख खाली ठेवून त्यावर अपिलांचा आलेख ठेवला तर काही महिने आधीच अंदाज येतो. व्हर्जिनियात तर रखडलेल्या निर्णयांवरून २०२१ मध्ये केंद्रीय न्यायालयात सामूहिक दावा लढवला गेला. २०२२ मध्ये केंद्राच्या लेखापरीक्षण कार्यालयाने ही सगळी बेकारी विमा यंत्रणाच जोखमीच्या यादीत टाकली.

पायरी ६: मोजणीत न आलेली अपिलं शोधा

फॉर्मवर येतं ते नोंदवलेलं अपील. पण फॅक्सच्या ट्रेमध्ये, अपलोडच्या रांगेत, टपालाच्या पिशवीत असलेलं? काही राज्यांत अपील आधी भत्ता खात्याकडे जातं, ते स्वतःचा निर्णय पुन्हा तपासतं आणि मग प्रकरण अपील कार्यालयाकडे पाठवतं. या मधल्या दिवसांचा हिशेब कोण ठेवतं? घड्याळ दावेदाराने अपील दाखल केलं त्या तारखेपासून चालायला हवं. अपील कार्यालयात पोचल्याच्या तारखेपासून चालत असेल तर सगळीच वयं कमी दिसतील.

कार्यालयाला लेखी विचारायचे माझे प्रश्न ठरलेले आहेत. दाखल तारीख म्हणून कोणती तारीख धरता? आज किती अपिलं मिळाली आहेत पण नोंदवायची राहिली आहेत? फेटाळलेलं प्रकरण पुन्हा उघडलं तर वय मूळ तारखेपासून धरता की नव्या? वरून परत आलेल्या प्रकरणाचं काय? पहिल्या सुनावणीची तारीखच न मिळालेली किती आणि सुनावणी होऊन निकाल लिहायचा राहिलेली किती? या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरावर उपाय ठरतो. तारीख मिळत नसेल तर सुनावणी अधिकारी किंवा दुभाषे कमी आहेत. सुनावणी होऊनही निकाल येत नसेल तर लिहिण्याला वेळ मिळत नाहीये.

पायरी ७: ओळीओळीची माहिती मागवा

महिन्याच्या बेरजांमधून एका अपिलाचा प्रवास दिसत नाही. त्यासाठी प्रकरणनिहाय यादी हवी, आणि ती राज्याच्या सार्वजनिक नोंदी कायद्याखाली मागता येते. न्यू जर्सीत ओपीआरए, न्यूयॉर्कमध्ये फॉइल, टेक्सस आणि कॅलिफोर्नियात त्यांचे आपापले कायदे. केंद्राचा फोया कायदा राज्यांच्या कचेऱ्यांना लागू नाही, तिथे अर्ज करून वेळ घालवू नका.

माहिती अधिकारात अर्ज केलेल्यांना हे सांगायला नको की मोघम मागणीला मोघम उत्तर येतं. मी अशी मागणी करते: 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत दाखल झालेल्या प्रत्येक पहिल्या पायरीच्या अपिलासाठी एक ओळ, सीएसव्ही स्वरूपात. रकाने: ओळख न पटणारा क्रमांक, दाखल तारीख, अपील करणारा दावेदार की कंपनी, वादाचा प्रकार, प्रत्येक सुनावणीची तारीख, निकालाची तारीख, निकालाचा प्रकार. नाव, पत्ता, सोशल सिक्युरिटी नंबर नको.' शेवटचं वाक्य आवर्जून लिहा. बेकारी विम्याची वैयक्तिक माहिती केंद्रीय नियमांनी गोपनीय आहे. ती मागितली नाही तर नकाराचं एक मोठं कारण आधीच निघून जातं.

यादी मिळाली की अपिलं दाखल महिन्यानुसार लावा. जानेवारीत आलेल्यांपैकी ३० दिवसांत किती निघाली, ६० मध्ये किती, ९० मध्ये किती आणि आजही किती बाकी. मग फेब्रुवारी, मग मार्च. ज्यांचा निकाल लागलाच नाही तेही इथे छेदात राहतात, त्यामुळे चौथ्या पायरीतला सापळा आपोआप मोडतो. बाकी असलेल्यांच्या ओळी 'निकालाची तारीख रिकामी' म्हणून गाळून टाकू नका. नवशिक्यांच्या हातून सगळ्यांत जास्त होणारी चूक हीच, आणि तिच्यामुळे आपणही कार्यालयासारखीच गोड टक्केवारी काढून बसतो.

पायरी ८: अहवाल लिहा

एक पान पुरे. वर तीन आकडे: पडून किती, १८० दिवसांहून जुनी किती, आजच्या वेगाने नंबर यायला किती महिने. खाली दोन आलेख. एक आवक आणि निकाली यांच्या दोन रेषांचा, दुसरा वयोगटांच्या थरांचा, किमान २४ महिन्यांचा. मग चार वाक्यं. नमुना देते, यातले आकडे कल्पित आहेत:

'महिनाअखेर पहिल्या पायरीवर ३,९०० अपिलं प्रलंबित होती, मागच्या महिन्यापेक्षा ३०० कमी. १८० दिवसांहून जुनी ६४० वरून ४१० वर आली. ४५ दिवसांत लागलेल्या निकालांचं प्रमाण ७२ वरून ६१ टक्क्यांवर घसरलं, कारण या महिन्यात जुनी प्रकरणं जास्त निघाली. याच वेगाने निरोगी शिल्लक गाठायला आणखी आठ महिने लागतील.'

राज्याराज्यांची शर्यत लावायचा मोह होतो. तो आवरा. ज्या राज्यात अपिलाची मुदत १४ दिवस आहे तिथे कमी लोक अपील करू शकतात, त्यामुळे ढीगही लहान दिसू शकतो. राज्याची तुलना त्याच्याच जुन्या आकड्यांशी आणि केंद्राच्या कसोटीशी करा.

छापण्याआधी तुमचे आकडे कार्यालयाला पाठवा, उत्तराला चार-पाच दिवस द्या. दोनदा मला अशा पत्रातून माझीच चूक कळली आहे. शिवाय राज्यं जुने अहवाल दुरुस्त करून पुन्हा पाठवतात आणि संकेतस्थळावरचा मागच्या वर्षीचा आकडा गुपचूप बदलतो. म्हणून उतरवलेल्या प्रत्येक फाइलच्या नावात तारीख टाका आणि जुनी फाइल पुसू नका. नाहीतर 'हा आकडा तुम्ही कुठून आणला?' या प्रश्नाला दाखवायला काहीच उरत नाही.

तुमचंच अपील त्या ढिगात असेल तर

अमेरिकेत नोकरी गेलेल्या मराठी माणसांचे फोन येतात म्हणून हे लिहिते. नागरिक आणि ग्रीन कार्डधारक पात्र असू शकतात, एच-४ वर काम करण्याचा परवाना असलेल्या जोडीदारांनाही भत्ता मिळू शकतो. एच-१बी वर असलेल्यांची गाडी बहुतेक वेळा 'कामासाठी उपलब्ध' या अटीवर अडते. तुमच्या राज्यातल्या मोफत कायदेशीर मदत केंद्राला विचारा.

अपील पाठवल्याची पोच, क्रमांक, तारीख जपून ठेवा. पत्ता किंवा फोन बदलला तर अपील कार्यालयालाही वेगळं कळवा, भत्ता खात्याला कळवलं म्हणजे तिकडे पोचलं असं नसतं. फोनवरची सुनावणी अनोळखी नंबरवरून येऊ शकते, त्या दिवशी प्रत्येक फोन उचला. फार रखडलं तर तुमच्या मतदारसंघातल्या राज्य विधिमंडळ सदस्याच्या कचेरीला लिहा, अशा चौकशा पुढे पाठवणारी माणसं तिथे असतात.

आणि निकाल येईपर्यंत दर आठवड्याचं किंवा पंधरवड्याचं प्रमाणन, म्हणजे 'मी अजून बेकार आहे' असं कळवणारा फॉर्म, भरत राहा. पैसे मिळत नसतानाही. ओळखीतल्या त्या बाई शेवटी जिंकल्या. निकालपत्र दोन पानांचं होतं, सुनावणी अर्ध्या तासाची. पण मधल्या काळात कंटाळून त्यांनी सहा आठवडे प्रमाणन भरलं नव्हतं. बाकीच्या आठवड्यांचे पैसे खात्यात आले. त्या सहांसाठी वेगळा अर्ज करावा लागला, उशिराचं कारण लिहून द्यावं लागलं आणि पुन्हा एकदा पत्राची वाट पाहावी लागली.